पाय जमिनीला टेकले पाहिजेत

निवृत्त माणसानं काय काय विकत घ्यावं, याबाबत आपल्याकडे घरोघरी एकमत आहे. सकाळी फिरायला जाण्यासाठी चांगले बूट, रक्तदाब मोजायचं यंत्र, गॅलरीत ठेवायला वेताची खुर्ची आणि जमलंच तर चारधाम किंवा युरोप यांपैकी एका सहलीचं तिकीट. यादी इथं संपते. मोटारसायकल त्या यादीत नसते. साठी ओलांडलेल्या गृहस्थानं 'मी मोटारसायकल घेतोय' असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि पाठोपाठ काळजी. हसू अशासाठी, की याला म्हातारपणी तारुण्य आठवलं. आणि काळजी अशासाठी, की आता हा कुठंतरी पडणार आणि आपल्याला भेटायला इस्पितळात जावं लागणार.

या दोन्ही प्रकारच्या मुद्रा गेल्या दीड-दोन वर्षांत मी पुष्कळ पाहिल्या. तरी मी काही एकटा नाही. रविवारी सकाळी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी घटकाभर थांबा. हेल्मेट काढून चहा पिणाऱ्यांत तरुण पोरं असतातच. पण त्यांच्या शेजारी पांढऱ्या मिशांचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले चार-दोन जण हमखास दिसतात. कुणी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, कुणी साखर कारखान्यातून, कुणी माझ्यासारखा बँकेतून. बोलायला लागलं की कळतं, सगळ्यांची गोष्ट जवळपास एकच आहे. पंचविशीत गाडी होती, तिशीत गेली आणि मध्ये पंचवीस-तीस वर्षांची रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत लग्न, मुलांच्या फिया, घराचे हप्ते, बदल्या, आईवडिलांची आजारपणं हे सगळं आलं.

या पिढीच्या तरुणपणी मोटारसायकली म्हणजे मोजून तीन घराणी. राजदूत, येझदी आणि बुलेट. फरिदाबादची राजदूत दूधवाल्यांची लाडकी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती कुठल्याही पाणंदीतून जायची. १९७३ साली 'बॉबी' चित्रपट आला आणि त्यात दिसलेल्या तिच्या बुटक्या भावंडाला लोक सरळ 'बॉबी'च म्हणू लागले. म्हैसूरची येझदी ही जावाची लेक. तिची गंमत अशी, की ज्या दांड्यानं किक मारायची तोच दांडा पुढं वळवला की गिअर व्हायचा. नवख्या माणसाला कुणी हे सांगितलं नाही, तर तो गिअर शोधत बसायचा. आणि मद्रासची बुलेट. विलायतेतल्या तिच्या मूळ कंपनीचा कारभार १९७० साली आटोपला. पण १९५५ पासून मद्रासेत सुरू झालेला कारखाना चालूच राहिला आणि आईबापांमागं लेकरानं घराणं टिकवावं तसं त्यानं ते टिकवलं. पुढं १९८४ ते ८६ च्या दरम्यान जपानी सहकार्यानं बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. एक लिटर पेट्रोलमध्ये त्या इतक्या लांब जात, की आमच्या तिन्ही जुन्या घराण्यांचा हिशेबच चुकला.

माझ्याकडे बुलेट होती. १९८६ साली घेतलेली, दुसऱ्या हातची, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत साताऱ्यात आलेली. ती सुरू करणं हा एक विधी होता. आधी डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून किक हळूहळू खाली न्यायची, टाकीच्या पुढं दिव्याजवळ असलेल्या अ‍ॅमीटरची सुई मधोमध आली की थांबायचं, खटका सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग अंगातलं सगळं वजन टाकून एकच लाथ. घाईनं मारलेली किक इंजिन परत करतं, हे त्या काळातल्या प्रत्येक बुलेटवाल्याच्या घोट्याला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट महत्त्वाची, कारण पुढं तिचा संबंध येणार आहे. त्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. जुन्या इंग्रजी गाड्यांची ती रीत होती.

पाटण तालुक्यातल्या एका शाखेत मी तेव्हा शेतीकर्जं पाहत असे. १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर सगळ्या गटांत लागू झाला होता आणि त्यातली निम्मीअधिक कर्जं आमच्याकडे म्हशींची. म्हैस घेतली, की तिच्या कानाला विम्याचा बिल्ला. बिल्ल्याचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का, हे वाडीवस्तीवर जाऊन पाहायचं, हे माझं काम. आता बुलेटचा आवाज असा, की साहेब खिंडीत असतानाच गोठ्यात कळायचं. मी पोचेपर्यंत कुणाची म्हैस 'पाण्यावर गेलीया, सायेब' असं उत्तर तयार असायचं आणि एखादी म्हैस सकाळी या गोठ्यात, दुपारी त्या गोठ्यात अशी दोन कर्जदारांना पुरायची. मग मी उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायला शिकलो. आवाज न करता वस्तीवर अवतरणारा साहेब म्हणून माझी थोडी प्रसिद्धीही झाली. त्या डोंगरांत मी जे ऐकलं-पाहिलं, त्यावर पुढं माझ्या तीन कादंबऱ्या उभ्या राहिल्या. बँकेनं मला पगार दिला. पण गोष्टी मला त्या गाडीनं दिल्या, असं मी नेहमी म्हणतो.

१९९३ साली ती गाडी विकली. कारण सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं नुसतं हौसेचं वाटेल. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ त्या वर्षी कराडहून येताना मोटारसायकलवरून पडला आणि गेला. सव्वीस वर्षांचा होता. अंगावर फारशा जखमा नव्हत्या. मार डोक्याला होता आणि हेल्मेट घरी खुंटीला होतं. सुतक फिटल्यावर महिनाभरात मी बुलेट विकून टाकली. हिनं 'विका' असं म्हटलं नाही आणि मी 'विकू का' असं विचारलं नाही. पुढं स्कूटर आली, मग चार चाकांची छोटी गाडी आली. तीस वर्षं आमच्या घरात मोटारसायकल हा शब्द कुणी उच्चारला नाही.

२०२१ मध्ये मी निवृत्त झालो. लिहायला वेळ मिळाला आणि लक्षात आलं, की लिहायला काही मिळत नाहीये. पाटण, कोयना, बामणोली, सगळीकडे मी जात होतो. पण काच वर करून. मोटारीतून गाव दिसतं, लागत नाही. दुचाकीवरून जाताना पुढं गुऱ्हाळ आहे हे दिसायच्या आधी नाकाला कळतं. संध्याकाळी भिजवलेल्या उसाच्या फडाजवळून गेलं, की हवा एकदम गार होते आणि फड संपला की पुन्हा उबदार. वडाखालून जाताना, कालवा ओलांडताना, घाटात वळण घेताना हवेची वेगवेगळी पानं उलटावीत तसं होतं. शिवाय दुचाकीवाल्याला लोक थांबवतात. 'कुठनं आलासा?' विचारतात. मोटारवाल्याला फक्त रस्ता विचारता येतो. मला ते थांबवलं जाणं पुन्हा हवं होतं.

पण घरात विषय काढायचा कसा? कर्जाच्या वसुलीला गेलो होतो तेव्हाही इतका वेळ शब्दांची जुळवाजुळव केली नव्हती. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर सरळ सांगितलं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला एवढंच सांगा, मी किती वाजल्यापासून काळजी करायची?"

तीस वर्षांत तिनं भावाबद्दल इतकं उघड कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी १९९३ साली तिनं रात्री साडेदहापर्यंत काळजी केली नव्हती. आणि खरं तर तो सहालाच गेला होता, हे तिनं त्या रात्री मला प्रथम सांगितलं. ती साडेचार तासांची निश्चिंती तिला आजवर बोचते आहे. आम्ही मग उशिरापर्यंत त्याच्याविषयी बोललो. त्याचं क्रिकेट, त्याची चिडकी थट्टा, त्याची ती खुंटी. मोटारसायकलीची परवानगी त्या रात्री मिळाली नाही; पण विषय मोकळा झाला.

पुण्याहून मुलीचा फोन आला. ती स्वतः रोज स्कूटरवरून कामाला जाते. म्हणाली, "बाबा, शौक म्हणून करा, पण हिशेब करून करा. तुम्ही बँकेत होतात ना?"

मग हिशेब केला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९. शेवटचा आकडा मी हिला वाचून दाखवला नाही. तिनं स्वतःच वाचला.

हेल्मेटच्या मागं एक गोष्ट आहे, ती लेखक म्हणून मला फार ओढून घेते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. लॉरेन्सला ते वाचवू शकले नाहीत. पण डोक्याच्या मारानं मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या लष्करी स्वारांच्या नोंदी तपासून १९४१ साली त्यांनी हेल्मेटचा उपयोग दाखवून देणारा निबंध प्रसिद्ध केला. आज आपण डोक्यावर जे घालतो, किंवा घालायचं टाळून हँडलला अडकवतो, त्याची मुळं त्या एका मृत्यूपर्यंत जातात. भारतीय मानक चिन्हाचं हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा आवळलेला. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बाद. गाडी ठरायच्या आधी आमच्या घरात हेल्मेट आलं आणि ते हिनं निवडलं. पिवळंजर्द. "लांबून दिसलं पाहिजे," हे तिचं कारण.

त्यानंतर डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सुरू होता. शस्त्रक्रिया करून घेतल्या. तरी रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, म्हणून अंधारात चालवायची नाही, हे पक्कं झालं. मान दोन्ही बाजूंना किती वळते, मुठीत जोर किती आहे, एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, हे सगळं तपासलं. यातली शेवटची परीक्षा मला फुटकळ वाटत होती. पण थांबताना दुचाकी एका पायावरच तोलायची असते, हे डॉक्टरांनी ध्यानात आणून दिलं.

वय वाढलं की मेंदूला 'थांब' म्हणायला थोडा जास्त वेळ लागतो. तो थोडा म्हणजे किती, याचं गणित सोपं आहे. ताशी साठ किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. ब्रेकवर हात जायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर, म्हणजे दोन मोटारी एकामागं एक उभ्या राहतील एवढं अंतर, गाडी काहीच न करता कापते. तेच पंचेचाळीसच्या वेगाला सव्वासहा मीटर. हा अर्धा सेकंद कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. तो फक्त वेग कमी करून परत मिळवता येतो. ज्यानं हे मान्य केलं त्यानं पुन्हा गाडीवर बसावं. ज्याला मान्य नाही त्यानं वेताची खुर्ची घ्यावी.

यानंतर गाडी निवडण्याचा प्रश्न आला आणि इथं आमच्या वयाचे बहुतेक जण एकाच वाटेनं जातात. ते गाडी निवडत नाहीत, आठवण निवडतात. दुकानात काळी बुलेट दिसली, तिचा 'धक धक' ऐकला, की विशीतला मुलगा अंगात येतो आणि चेकबुक बाहेर पडतं. विकणारी मुलं हुशार असतात. एकानं मला पाहताच "काका, तुमच्यावर हीच शोभेल" म्हणून सगळ्यात जड गाडी पुढं केली. दुसऱ्या दुकानातल्यानं "काका, तुमच्यासाठी बिनगिअरची स्कूटर आहे की" असं म्हणून मला एका क्षणात ऐंशी वर्षांचा केलं. दोघांनीही मला पाहिलं, माझे पाय कुणी पाहिले नाहीत.

माझी उंची पाच फूट पाच इंच. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाहीत. ही माझी पहिली अट. चालत्या गाडीवरून पडणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, पण या वयात अडचण येते ती बहुधा उभ्या गाडीची. चढावर थांबलो, एका बाजूला रस्ता जरा खोल होता, पाय टेकायला गेला आणि जमीन दोन इंच लांब निघाली, की पावणेदोनशे-दोनशे किलो वजन सावरणं विशीतल्या मांडीला जमतं, साठीतल्या मांडीला नाही. दुसरी अट : गाडी मला एकट्याला ढकलता आली पाहिजे. इमारतीखालून बाहेर काढताना, उतारावर मागं घेताना मदतीला दर वेळी कोण येणार? तिसरी अट : ती नीट थांबली पाहिजे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि दोन्हींना एबीएस. किंमत चौथी, आणि रूप पाचवं.

या पाच अटींचा कागद खिशात घालून मी आठ-दहा गाड्यांवर बसलो. आजची क्लासिक ३५० देखणी आहे, माझ्या जुन्या गाडीची नात शोभेल अशी. पण वजन १९५ किलो आणि बैठक ८०५ मिलिमीटर उंच. माझे चवडे टेकले, टाचा नाही. मीटिऑरची बैठक ७६५, टाचा मस्त टेकल्या. पण तिथं पाय पुढं सोडून बसावं लागतं आणि माझ्या कमरेला ते रुचलं नाही. ज्याची कंबर चांगली आणि पाय आखूड, त्यानं ती जरूर पाहावी. चारशे सीसीच्या नव्या गाड्यांवर बसलो आणि त्यांची धाव पाहून नम्रपणे उतरलो. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानं ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के अशी रेघ मारली; ती रेघ माझ्यासारख्या पेन्शनराला बरोबर दिसते. आणि एक प्रामाणिक गोष्ट : गावातल्या गावात वीस-पंचवीस किलोमीटर फिरायचं असेल, तर सव्वाशे सीसीची हलकी गाडी पुरेशी आहे. तिला मोटारसायकल म्हणायला लाजू नये.

शेवटी हंटर ३५० घेतली. वजन १८१ किलो, बैठक ७९० मिलिमीटर, आणि बैठक पुढं निमुळती असल्यानं माझ्या टाचा टेकतात. इंजिन ३४९ सीसीचं, ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे माझ्या जुन्या बुलेटपेक्षा कागदावर फार वेगळं नाही. पण आत तोल सांभाळणारा वेगळा दांडा असल्यानं हाताला ती जुनी थरथर येत नाही. बटण दाबलं की सुरू होते. अ‍ॅमीटर नाही, डीकॉम्प्रेसर नाही, विधी नाही. पहिले काही दिवस मला सोवळं सोडल्यासारखं वाटलं.

आता त्या उजव्या-डाव्या पायाची गोष्ट. आजच्या सगळ्या गाड्यांचा गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला. बहुतेकींत पहिला खाली, बाकीचे वर. म्हणजे माझ्या जुन्या बुलेटच्या नेमकं उलट, बाजूनंही आणि दिशेनंही. डोक्याला हे एका मिनिटात समजतं. पायाला समजायला वेळ लागतो, कारण पाय वाचत नाहीत, ते पाठ करतात. आणि संकटाच्या क्षणी माणसाला जुनं पाठांतर आठवतं. जुनी बुलेट चालवलेल्या आमच्या वयाच्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवायला हवं. ओळखीच्या एका मेस्त्रींनी गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी मला सकाळी सहा ते सात असं तीन आठवडे मोकळ्या मैदानावर फिरवलं. ते मध्येच "साहेब, कुत्रं!" असं ओरडायचे आणि माझ्या कुठल्या पायानं काय केलं ते पाहायचे. तिसऱ्या आठवड्यात काल्पनिक कुत्री वाचू लागली, तेव्हा त्यांनी मला रस्त्यावर सोडलं.

त्यांनी दुसरी एक समजूतही घालवली. 'पुढचा ब्रेक लावला की माणूस उलथतो' हे आमच्या पिढीच्या मनात इतकं ठसलं आहे, की आमच्यातले निम्मे लोक आयुष्यभर फक्त मागच्या ब्रेकवर जगले. खरं म्हणजे गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. चाक जखडायला लागलं, तर एबीएस ब्रेक क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो, एका सेकंदात अनेकदा. १२५ सीसीवरच्या गाड्यांना ही सोय एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. आमच्या तरुणपणी ती असती तर, असा विचार मनात येतो आणि मी तो पुढं नेत नाही.

गाडी आली त्या दिवशी हिनं मला एक कागद दिला. ती शिक्षिका होती, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं. बँकेच्या मंजुरीपत्रासारखं वर लिहिलं होतं, 'अटी व शर्ती'. सूर्यास्तानंतर नाही. पावसात नाही. महामार्गावर फक्त ओलांडण्यापुरतं. हेल्मेट किल्लीच्या आधी. आणि शेवटची : निघताना जाण्याचं ठिकाण आणि परतायची वेळ फ्रीजवर लिहून ठेवायची. मी खाली सही केली. आता रविवारी सकाळी फ्रीजवर मी लिहितो, 'ठोसेघर. साडेअकरा.' साडेअकरापर्यंत ती काळजी करत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या तिच्या प्रश्नाला मिळालेलं हे एवढंच उत्तर आहे. आणि त्यासाठी मी पंधरा मिनिटं आधी घरी पोचतो.

टेड सायमन नावाचा एक इंग्रज पत्रकार १९७३ साली पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रदक्षिणेला निघाला. चार वर्षं फिरला, भारतातूनही गेला आणि त्यावर त्यानं गाजलेलं पुस्तक लिहिलं. पुढं २००१ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, तो त्याच वाटेनं पुन्हा निघाला. त्याच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात. मला मात्र वाटतं, खरं अवघड काम पहिल्या सहलीची आठवण बरोबर घेऊन दुसरी करणं, हे असतं. जुन्या वाटेवर जुनी माणसं, जुनी गावं आणि जुना आपण, यांतलं काहीच जागेवर नसतं. परवा मी पाटणच्या त्या वस्तीवर गेलो. गोठ्यांच्या जागी पक्की घरं, अंगणात दोन-दोन मोटारसायकली. एका म्हाताऱ्यानं मला ओळखलं. "सायेब, औंदा गाडीचा आवाज यीना तुमच्या," म्हणाला. मी म्हटलं, "आता म्हशी मोजायच्या नाहीत." तो दात नसलेलं हसला आणि चहा सांगितला.

वय पंचावन्नच्या पुढं गेलं, की वाहन चालवण्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या परवान्यावर २०२९ ची तारीख आहे. बँकेत असताना कुठल्याही कर्जाची मुदत मंजुरीच्याच दिवशी लिहिली जायची. परतफेडीची गोष्ट नंतर ठरवू म्हणणाऱ्याला आम्ही कर्ज देत नसू. तोच नियम इथं लावला आहे. दर वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी तीन परीक्षा. डोळ्यांची तपासणी, तीस सेकंद एका पायावर उभं राहणं, आणि इमारतीखालच्या उतारावर गाडी एकट्यानं मागं ढकलत वर नेणं. एकीत जरी नापास झालो, तरी त्याच आठवड्यात गाडी विकायची. परीक्षक मी नाही, ही आहे. गेल्या दिवाळीत तिसऱ्या परीक्षेच्या वेळी ती जिन्याच्या पायरीवर घड्याळ घेऊन उभी होती. गाडी वर पोचली, मी धापा टाकत वळून पाहिलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "पास. पण काठावर. रोज थोडं चालत जा."